गुदमरलेल्या लेकरांचा डॉक्टर: शेव्हॅलिअर जॅक्सन



दरवर्षी ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणाला, मिस्सा संपल्यावर आपण वेदीपुढे रांग लावतो. आदल्या दिवशी आशीर्वादित केलेल्या दोन मेणबत्त्या धर्मगुरू एकमेकींवर आडव्या धरतात, आपल्या गळ्याशी नेतात आणि घशाच्या विकारांपासून आपले रक्षण व्हावे म्हणून प्रार्थना करतात. कडेवरच्या तान्ह्यापासून काठी टेकत आलेल्या आजीपर्यंत सर्वांचे गळे त्या दिवशी परमेश्वराच्या हाती सोपवले जातात.

संत ब्लेझ हे आर्मेनियातील सेबास्ते नगरीचे बिशप होते. इ.स. ३१६च्या सुमारास ते ख्रिस्तासाठी हुतात्मा झाले. परंपरा अशी सांगते, की शिपाई त्यांना पकडून नेत असताना एक आई आपल्या मुलाला घेऊन धावत आली. मुलाच्या घशात माशाचा काटा अडकला होता आणि तो गुदमरत होता. संत ब्लेझ यांनी प्रार्थना केली आणि मुलगा वाचला. म्हणूनच घशाचे रक्षक म्हणून आपण त्यांचा धावा करतो.

या कथेतल्या आईकडे पाहा. मुलाला काय झाले हे तिला नेमके ठाऊक होते. तिने ते सांगितले आणि ऐकणाऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवला. याच एका गोष्टीसाठी, म्हणजे गुदमरलेल्या मुलाच्या आईचे बोलणे खरे मानून त्या मुलाच्या श्वासाची वाट मोकळी करण्यासाठी, एका डॉक्टरने आपले सारे आयुष्य वेचले. ते अमेरिकेतले, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी जगभर नावाजलेले. त्यांचे नाव डॉ. शेव्हॅलिअर जॅक्सन. संत ब्लेझ यांच्या सणाच्या निमित्ताने त्यांची ओळख करून घ्यावी, असे आम्हांला वाटले. त्यांची कथा नुसती ऐकण्यासारखी नाही, आपल्या घरातल्या एखाद्या लेकराचा जीव वाचवण्यासारखीही आहे.

छळ सोसलेले बालपण

शेव्हॅलिअर यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८६५ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झाला. कोळसा आणि पोलाद यांवर उभे राहिलेले हे शहर. तीन भावांत ते थोरले. घरची स्थिती बेताची आणि ती पुढे अधिकच खालावत गेली. मुलगा अंगाने किरकोळ, स्वभावाने भित्रा आणि हळवा. प्राण्यांना कोणी मारले तरी त्याला रडू कोसळे. शाळेतल्या दांडग्या मुलांना असा सवंगडी म्हणजे आयते खेळणेच. ती त्याचा डबा पळवत, त्याला मारत, त्याच्या वस्तू लपवत. एकदा तर त्यांनी त्याला एका ओसाड कोळसा-खाणीत टाकून दिले.

अशा छळातून काही मुले कडवट होतात आणि मोठेपणी दुसऱ्यांना छळतात. या मुलाचे तसे झाले नाही. दुबळ्याचे दुःख त्याला कायमचे कळले. तो एकटा बसून लाकूडकाम करी, चित्रे काढी, हत्यारे हाताळी. त्याच्या बोटांत तेव्हाच एक विलक्षण कसब आले. पुढे ते दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने लिहीत, चित्रे काढीत आणि शस्त्रक्रिया करीत. विद्यार्थ्यांना शिकवताना दोन्ही हातांत रंगीत खडू घेऊन ते फळ्यावर घशाचे आणि फुप्फुसांचे चित्र काढू लागले, की वर्ग पाहत राहत असे.

शिक्षणाला पैसा नव्हता. काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून त्यांनी फी भरली. १८८६ साली फिलाडेल्फिया येथील जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढचे शिक्षण घेण्यासाठी ते लंडनला गेले. तिथे सर मोरेल मॅकेन्झी हे घशाचे मोठे तज्ज्ञ होते. अन्ननलिकेत आतवर पाहता यावे म्हणून त्यांनी केलेले एक उपकरण जॅक्सन यांनी तिथे पाहिले. ते फारसे उपयोगी नव्हते, पण त्यामागची कल्पना या तरुण डॉक्टरच्या मनात रुजली. १८८७ साली त्यांनी पिट्सबर्गमध्ये घशाचा दवाखाना उघडला. रुग्ण बहुतेक गिरणी आणि खाण-कामगारांच्या घरचे. खिशात पैसा नसलेल्यांनाही ते परत पाठवत नसत.

नळी आणि दिवा

त्या काळी श्वासनळीत काही अडकले तर काय होई, हे आज आपल्याला सहज कळणार नाही. एक्स-रेचा शोध १८९५ साली लागला. त्याआधी तर आत काय आहे हे पाहण्याचा मार्गच नव्हता. वस्तू खोकल्यासरशी बाहेर आली तर आली. नाही आली तर न्यूमोनिया व्हायचा, फुप्फुसात पू साठायचा आणि रुग्ण महिनोन्‌महिने झिजून जायचा. छाती फाडून शस्त्रक्रिया करणे म्हणजे बहुधा मृत्यूच.

१८९० साली जॅक्सन यांनी अन्ननलिकेत पाहण्यासाठी स्वतः एक सरळ नळी तयार केली. तिच्यातून त्यांनी एका माणसाच्या अन्ननलिकेत अडकलेली दातांची कवळी आणि एका मुलाने गिळलेले नाणे बाहेर काढले. सगळीकडे कौतुक झाले. इतर डॉक्टरांनीही तशा नळ्या मागवल्या आणि इथेच त्यांना आयुष्यभर पुरेल असा धडा मिळाला. अननुभवी हातांत ती नळी धोक्याची ठरली. अन्ननलिकेला इजा होऊन रुग्ण दगावले. जॅक्सन यांना ते फार लागले. हत्यार देणे सोपे, हात तयार करणे अवघड, हे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हापासून, नीट शिकल्याशिवाय कोणी ही नळी हाती धरू नये, असा त्यांचा कटाक्ष राहिला.

दरम्यान जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियन नावाच्या डॉक्टरने १८९७ साली इतिहास घडवला. एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत डुकराच्या मांसातले हाड अडकले होते. किलियन यांनी तोंडातून नळी घालून ते चिमट्याने ओढून काढले. छातीला सुरी न लावता फुप्फुसाच्या दारापर्यंत जाता येते, हे जगाला प्रथमच दिसले.

जॅक्सन यांनी हे काम पुढे नेले. लांब नळीतून आत पाहायचे तर उजेड हवा. बाहेरून टाकलेला उजेड खोलवर पोचत नसे. १९०४ साली त्यांनी आपल्या नळीच्या आतल्या टोकालाच अगदी छोटा विजेचा दिवा बसवला. आतला कफ आणि रक्त ओढून घेण्याची सोयही केली. आता अडकलेली वस्तू स्पष्ट दिसू लागली. मग त्या त्या वस्तूसाठी वेगळा चिमटा हवा, म्हणून त्यांनी आपल्या छोट्या कारखान्यात नाना तऱ्हेचे चिमटे घडवले. टाचणीला एक, शेंगदाणा न चुरडता धरायला दुसरा. उघडी सेफ्टी पिन ही सर्वांत वाईट. तिचे टोक वर असेल तर ओढताना ती वाट फाडत येते. तिच्यासाठी त्यांनी खास युक्त्या शोधल्या. यांतल्या कशावरही त्यांनी आपला हक्क सांगितला नाही. ज्या साधनांनी लेकरे वाचतात त्यांवर पैसा कमवायचा नाही, हे त्यांचे धोरण होते.

दहा मिनिटांसाठी दहा तासांची तयारी

डॉ. जॅक्सन यांची शस्त्रक्रिया पाहायला दूरदेशीचे डॉक्टर येत. काम काही मिनिटांत आटोपे. पाहणाऱ्याला वाटे, किती सोपे! पण त्यामागची तयारी दिसत नसे. मुलाने जी वस्तू गिळली असेल अगदी तशीच दुसरी वस्तू ते आईवडिलांकडून मागवून घेत. मग ती नळीत नाहीतर बाहुलीच्या घशात ठेवून तीच वस्तू पुनःपुन्हा काढण्याचा सराव करीत. कोणत्या बाजूने धरावी, कशी फिरवावी, निसटली तर काय करावे, हे सारे आधी ठरलेले असे.

त्या काळची भूल श्वास कोंडलेल्या मुलाला धोक्याची होती. म्हणून पुष्कळदा भूल न देताच हे काम होई. मुलाला चादरीत गुंडाळले जाई. एक सहायक डोके नेमक्या कोनात धरून ठेवी. खोलीत कोणी मोठ्याने बोलत नसे. डॉक्टर मुलाशी हळू आवाजात बोलत, त्याचा विश्वास मिळवत आणि मगच नळी हाती घेत. शाळेत छळ सोसलेल्या त्या भित्र्या मुलाला, भेदरलेल्या मुलाशी कसे वागावे हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

एका मुलीचा पाण्याचा घोट

त्यांच्या सुरुवातीच्या काळातली एक घटना आम्हांला फार मोलाची वाटते. तेव्हा घरोघर साबण करायला आणि मोऱ्या साफ करायला कॉस्टिक सोडा वापरत. तो पांढरा, साखरेसारखा दिसणारा. मुले साखर समजून तोंडात टाकत. घसा आणि अन्ननलिका आतून भाजून निघे. पुढे जखम भरताना अन्ननलिका आक्रसत जाई आणि मूल उपाशी मरे.

सुमारे सात वर्षांच्या अशाच एका मुलीला त्यांच्याकडे आणले गेले. आठवडाभर तिच्या पोटात पाण्याचा थेंबही गेला नव्हता. डॉक्टरांनी नळीतून पाहिले तेव्हा आक्रसलेल्या वाटेच्या तोंडाशी एक मळकट गोळा अडकलेला दिसला. तो त्यांनी हलकेच काढला. नर्सने पाण्याचा पेला पुढे केला. मुलीने भीत भीत एक घोट घेतला. पाणी नेहमीप्रमाणे उलटून येईल असे तिला वाटले होते. ते आत गेले. तिने दुसरा घोट घेतला, मग तिसरा. मग पेला बाजूला सारून तिने डॉक्टरांचा हात धरला आणि त्याचे चुंबन घेतले.

साध्या पाण्याच्या घोटाचे मोल त्या मुलीला कळले. त्या दिवशी डॉक्टरांनाही एक गोष्ट कळली. एका मुलीची वाट मोकळी केली म्हणून काम संपत नाही. डबा तसाच, बिनखुणेचा, स्वयंपाकघरात राहिला तर उद्या दुसरे मूल येणारच. म्हणून त्यांनी कॉस्टिक सोड्याच्या डब्यावर विष असल्याची स्पष्ट खूण आणि उतारा छापलाच पाहिजे, असा आग्रह धरला. अनेक वर्षे ते डॉक्टरांच्या सभांतून आणि कायदेमंडळांपुढे आपल्या भाजलेल्या रुग्णांची चित्रे दाखवत फिरले. त्यांचा स्वभाव बुजरा. राजकारण्यांच्या दारी जाणे त्यांना मुळीच आवडत नसे. तरी ते गेले. अखेर १९२७ साली अमेरिकेत तसा राष्ट्रीय कायदा झाला आणि राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी त्यावर सही केली. नळी आणि चिमट्याने वाचलेल्या मुलांची मोजदाद करता येते. या कायद्याने जी मुले कधी भाजलीच नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार?

आईचे ऐका

आता या कथेतला आपल्या सर्वांना लागू पडणारा भाग.

हजारो रुग्ण पाहिल्यावर डॉ. जॅक्सन यांच्या लक्षात एक घातक फसगत आली. मूल खेळता खेळता दाणे खाते. हसताना किंवा पळताना दाणा श्वासनळीत जातो. जोराचा ठसका लागतो, मूल निळसर पडते, आई घाबरते. मग दाणा सरकून फुप्फुसाच्या एका फांदीत जाऊन बसतो आणि ठसका थांबतो. मूल पुन्हा खेळू लागते. घरातले म्हणतात, गेला वाटते पोटात. खरा धोका इथूनच सुरू होतो. काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे काहीच जाणवत नाही. पुढे खोकला येतो, ताप येतो, छातीत सूं सूं आवाज होतो. तोपर्यंत तो ठसका सगळे विसरलेले असतात. मुलाला दमा आहे किंवा वारंवार न्यूमोनिया होतो असे समजून औषधे चालू राहतात.

छातीतला प्रत्येक सूं सूं आवाज दम्याचा नसतो, हे डॉ. जॅक्सन पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांना बजावत राहिले. आवाज एकाच बाजूला येत असेल, एका बाजूला हवा कमी जात असेल, तर आत काही अडकले आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एक्स-रेत नाणे, खिळा, टाचणी लगेच दिसते. दाणा, चिंचोका किंवा प्लास्टिकचा तुकडा बहुधा दिसत नाही. तरी खुणा असतात. श्वास घेताना नलिका किंचित रुंदावते आणि हवा वस्तूच्या बाजूने आत शिरते. श्वास सोडताना नलिका आवळते आणि हवा आतच कोंडते. त्यामुळे श्वास सोडल्यावर काढलेल्या एक्स-रेत त्या बाजूचे फुप्फुस फुगलेलेच दिसते. झडपेसारखी ही क्रिया त्यांनी बारकाईने उलगडून दाखवली. शेंगदाण्याच्या तेलाने लहान मुलांच्या नलिका सुजतात आणि सुके कडधान्य ओलाव्याने आत फुगते, हेही त्यांनी शिकवले.

या साऱ्याहून मोठी खूण म्हणजे आईची हकिकत. दाणे खाताना ठसका लागला होता, असे घरातले कोणी सांगत असेल तर एक्स-रे चांगला आला तरी ती गोष्ट सोडू नये, हे त्यांचे सांगणे आजही वैद्यकशास्त्र मानते. अशा वेळी नळीने आत पाहून खात्री करतात. तिलाच ब्राँकोस्कोपी म्हणतात. आज मूल पूर्ण भुलीखाली असते, नळीत उत्तम भिंगे असतात. १९६०च्या दशकात जपानमधील डॉ. इकेदा यांनी लवचिक नळीही शोधली. तरी लहान मुलांच्या श्वासनळीतील वस्तू काढण्यासाठी आजही मुख्यतः सरळ, ताठ नळीच वापरतात. ती जॅक्सन यांच्या नळीचीच लेक म्हणावी.

ड्रॉवरमधल्या २,३७४ वस्तू

काढलेली प्रत्येक वस्तू डॉ. जॅक्सन जपून ठेवत. कोणी परत मागितली तरी देत नसत. पुढच्या डॉक्टरांना शिकण्यासाठी तो पुरावा आहे, असे ते मानत. १९२४ साली त्यांनी हा संग्रह फिलाडेल्फियातील म्युटर संग्रहालयाला दिला. आज त्या ड्रॉवरमध्ये २,३७४ वस्तू आहेत. बटणे, टाचण्या, नाणी, हाडे, बिया, खिळे, दात, खेळण्यातली छोटी दुर्बीण. बाळगणाऱ्याचे भाग्य उजळेल असे कोरलेले एक पदकही त्यांत आहे. तेही कोणाच्या तरी घशात गेले होते!

लोक ती पाहून हसतात, नवल करतात. पण त्या प्रत्येक वस्तूमागे एक घर आहे. एक आई आहे, जिने क्षणभर पाठ वळवली. एक रात्र आहे, जी तिने मुलाच्या श्वासाकडे कान लावून काढली. आणि त्यांतील बहुतेक घरांत मूल परत आले. १९३०च्या दशकात तर फुप्फुसात खिळा अडकलेल्या एका बालकाला ऑस्ट्रेलियाहून जहाजाने समुद्र ओलांडून त्यांच्याकडे आणले गेले. खिळा निघाला आणि मूल सुखरूप घरी गेले.

आजारपण आणि उतारवय

इतरांच्या फुप्फुसांची काळजी वाहणाऱ्या या डॉक्टरला क्षयरोगाने तीनदा गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहणे हाच उपाय. १९११ साली पहिल्यांदा आजार बळावला तेव्हा त्यांनी अंथरुणातच लिखाण आणि चित्रे यांचे काम हाती घेतले. सक्तीची विश्रांती विद्यार्थ्यांच्या कामी आली.

१९१६ साली ते फिलाडेल्फियाला गेले आणि तेथील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी शिकवले. बायकांनी डॉक्टर व्हावे की नाही यावर लोक वाद घालत होते, त्या काळात त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यक्षपद १९३५ ते १९४१ या काळात सांभाळले. १८९९ साली त्यांचे ॲलिस व्हाइट यांच्याशी लग्न झाले होते. त्यांचा मुलगाही याच शाखेचा डॉक्टर झाला आणि वडिलांसोबत काम करू लागला.

त्यांची राहणी साधी. दारू नाही, तंबाखू नाही. जेवण मोजके आणि प्रत्येक घास सावकाश चावून खाण्याची सवय. हातांना इजा होऊ नये म्हणून बाहेर ते हातमोजे घालत. उतारवयात एका ओढ्याकाठच्या जुन्या गिरणीच्या घरात ते राहिले. तिथे लाकूडकाम, चित्रकला आणि लिखाण चाले. १९३८ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १६ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, त्याच घरी त्यांनी देह ठेवला.

आपल्या घरासाठी

डॉ. जॅक्सन आज आपल्या धर्मग्रामात आले असते तर त्यांनी प्रथम आपल्या घरातली जमीन पाहिली असती. मूल रांगू लागले की जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात जाते. म्हणून काही गोष्टी सर्वांनी लक्षात ठेवाव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, चणे, फुटाणे, काजू देऊ नका. द्यायचेच तर कुटून किंवा वाटून द्या. सीताफळ, बोरे, चिंच देताना बिया मोठ्यांनी काढाव्यात. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. मूल पळत, हसत किंवा रडत असताना त्याला भरवू नका. लग्नाच्या मांडवात आणि नाताळच्या दिवसांत हे जास्त घडते, कारण तेव्हा मुलाला भरवणारे हात पुष्कळ असतात आणि लक्ष कोणाचेच नसते. नाताळगोठ्यातले चमकते दिवे आणि खेळणी यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजून निघू शकते. वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा.

एखाद्याला ठसका लागला आणि तो जोरात खोकू शकत असेल, बोलू किंवा रडू शकत असेल, तर त्याला खोकू द्या. तो खोकलाच त्याचा खरा डॉक्टर आहे. पाणी पाजू नका, पाय धरून उलटे टांगू नका, दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपडत काढायला जाऊ नका. ती आणखी खोल जाते.

आवाज फुटत नसेल, खोकला क्षीण झाला असेल, ओठ निळे पडत असतील, तर एकाने १०८ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच कामाला लागावे. एक वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे धरा, डोके थोडे खाली ठेवा आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा मारा. वस्तू निघाली नाही तर बाळाला उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्या. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. मोठे मूल किंवा माणूस असेल तर पुढे वाकवून पाठीवर पाच थापा मारा. मग मागून मिठी घालून, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्या. ही झटक्यांची पद्धत अमेरिकेतील डॉ. हेम्लिक यांनी १९७४ साली जगापुढे मांडली. गरोदर स्त्रीच्या पोटावर मात्र दाब देऊ नये, तो छातीवर द्यावा. माणूस बेशुद्ध पडला तर त्याला जमिनीवर उताणे झोपवून छाती दाबणे सुरू करावे. हे सारे एकदा प्रशिक्षित माणसाकडून प्रत्यक्ष शिकून घेतलेले उत्तम.

माशाचा काटा टोचला तर भाताचा गोळा नाहीतर केळे गिळण्याची आपली जुनी सवय सोडून द्यावी. काटा त्याने अधिक रुतू शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ठसका थांबला म्हणून विसरू नका. मुलाला त्यानंतर खोकला, ताप किंवा छातीत आवाज येऊ लागला, तर डॉक्टरांना तो ठसका आठवणीने सांगा. कोणत्या दिवशी, काय खाताना, किती वेळ, सारे सांगा. सून सांगत असेल आणि सासूबाईंना ते उगाच घाबरणे वाटत असेल, तरी सुनेचे ऐका. आजी सांगत असेल आणि तरुण मंडळी हसत असतील, तरी आजीचे ऐका. ज्याने पाहिले त्याचे बोलणे खरे माना.

येत्या ३ फेब्रुवारीला आपण पुन्हा मेणबत्त्यांपुढे गळा पुढे करू. तो आशीर्वाद श्रद्धेने घेऊ या. आणि घरी गेल्यावर गुडघ्यांवर बसून, रांगत्या लेकराच्या डोळ्यांनी आपली जमीन एकदा न्याहाळू या. कॉटखालचा दाणा, कपाटाखालचे बटण, कोपऱ्यातली टाचणी उचलून टाकू या. परमेश्वराने मातीच्या मानवात फुंकलेला श्वास आपल्या स्वाधीन आहे. त्याची राखण प्रार्थनेने करायची असते, तशीच केरसुणीनेही करायची असते.

संत ब्लेझ, आमच्या लेकरांसाठी विनंती कर.